स्वराज्याची सनद आणि सुपे-बारामती-इंदापूर

पेशवे बाळाजी विश्वनाथ १७१९ साली दिल्लीहून साताऱ्याला परतले, तेव्हा त्यांनी तीन हक्कांच्या सनदा आणल्या होत्या : चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्य. पहिल्या दोन हक्कांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्या सनदेकडे मात्र आपले तितकेसे लक्ष जात नाही. शिवाजी महाराजांच्या निधनसमयी त्यांच्या ताब्यात असलेला मुलूख शाहू महाराजांचा आहे, असे या सनदेने मान्य केले. ग्रँट डफने त्या मुलुखाची यादी दिली आहे. घाटावरच्या महालांत पहिले पुणे, त्यानंतर बारामतीसह सुपे, मग इंदापूर. पुढे वाई, मावळे, सातारा, कऱ्हाड असा तिचा क्रम आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. रायगडावर राज्याभिषेक १६७४ सालीच झाला होता. मग पंचेचाळीस वर्षांनी आपल्याच सुपे-इंदापूरसाठी दिल्लीचा कागद का लागावा?

उत्तरासाठी या महालांची पूर्वपीठिका पाहावी लागते. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, ते निजामशाहीचे सरदार म्हणून. शहाजीराजांकडे पुणे, सुपे, इंदापूर ही जहागीर होती. जहागीर म्हणजे मालकी नव्हे. वसुलाचा अधिकार सुलतानाने दिलेला आणि त्यानेच काढून घेण्याजोगा. सुप्याला शिवाजी महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते कारभार पाहत. महाराजांनी त्यांना दूर करून सुपे आपल्या अमलाखाली आणले, तेव्हा वरवर पाहता तो घरातला तंटा होता. प्रत्यक्षात जहागिरीतून राज्य वेगळे काढण्याची ती एक पायरी होती. १६६० साली शायिस्ताखानाची फौज सुपे-बारामतीच्याच वाटेने पुण्यावर आली. पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले. १६६८ मध्ये औरंगजेबाने महाराजांना ‘राजा’ हा किताब दिला. पण किताब हीसुद्धा देणगीच. देणारा वर, घेणारा खाली.

राज्याभिषेकाने हा क्रम मोडला. छत्र, स्वतःचा शक, होन आणि शिवराई ही नाणी यांतले काहीही बादशहाकडून आलेले नव्हते. त्या सोहळ्याला मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. राजापूरच्या वखारीची भरपाई, बंदरांतला व्यापार, जकात, नाण्यांचे चलन यांवर बोलणी होऊन तह झाला. इंग्रज आपल्या पत्रांतून ज्यांना बंडखोर म्हणत, त्यांच्याशीच त्यांनी कलमवार करार केला. व्यापाऱ्याची मान्यता अशी गरजेपोटी लवकर मिळते. ज्याच्या सत्तेतून राज्य फुटून निघाले, त्याची मान्यता सर्वांत शेवटी येते. युरोपातही हेच दिसते. डच प्रांतांनी स्पेनच्या राजाला १५८१ मध्ये झुगारले. स्पेनने त्यांचे स्वातंत्र्य मान्य केले ते १६४८ मध्ये. पोर्तुगाल १६४० मध्ये वेगळे झाले, त्याला १६६८ पर्यंत थांबावे लागले.

इकडे १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. छावणीत शाहूंचे लग्न झाले, तेव्हा बादशहाने त्यांना जहागिरी नेमून दिल्या. त्यांत इंदापूर आणि सुपे होते, असे ग्रँट डफ लिहितो. यातली खोच ध्यानात घ्यावी. आजोबांनी मिळवलेला मुलूख नातवाला आहेर म्हणून देण्यात आला. अशी भेट स्वीकारणे म्हणजे मूळ मालक बादशहा आहे हे कबूल करणेच. गावातल्या रयतेला तर याहून जवळची अडचण होती. मोगल अंमलदारही वसूल मागे आणि मराठा सरदारही. दोन ठिकाणी पट्टी भरायची की गाव सोडायचे, असा पेच पाटलापुढे असे. मान्यता हा केवळ दरबारी मानापमानाचा विषय नव्हता, तो यामुळे.

१७१८ मध्ये दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेन अली याने शाहूंशी तह केला. बादशहा फर्रुखसियर याने तो नाकारला. सय्यद बंधूंबरोबर मराठी फौज दिल्लीला गेली, फर्रुखसियर पदच्युत झाला आणि नव्या बादशहाच्या नावाने सनदा निघाल्या. येसूबाईंचीही सुटका झाली. मोबदल्यात स्वराज्यासाठी दहा लाखांची पेशकश, चौथाईसाठी पंधरा हजार स्वारांची चाकरी आणि सरदेशमुखीसाठी बंदोबस्ताची हमी द्यावी लागली.

हे मांडलिकत्व नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. सनदेची भाषा चाकरीचीच आहे. तरी आहेर म्हणून दिलेले सुपे-इंदापूर आणि शिवाजी महाराजांचे राज्य म्हणून मान्य केलेले सुपे-इंदापूर यांत मोठा फरक आहे. पहिल्यात हक्काचा उगम बादशहाच्या मर्जीत आहे. दुसऱ्यात १६८० पूर्वीच्या ताब्यात. दिल्लीने सनद दिली, पण त्या सनदेची सीमा रायगडाने आखलेली होती.

मात्र कागदाने प्रश्न मिटला नाही. निजामाने पुढे नवाच मुद्दा काढला : छत्रपती दोन आहेत, साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी, मग चौथाई कोणाला द्यावी? आधी वारसा सिद्ध करा, असे त्याचे म्हणणे. राज्य मान्य करून राज्यकर्ताच वादात ओढण्याचा हा डाव होता. १७२७-२८ च्या मोहिमेत तो पुण्यात शिरला आणि पाटस, सुपे, बारामती या भागात त्याच्या तोफखान्याने नासधूस केली. सनदेच्या यादीतली नावे अशी पुन्हा रणभूमी झाली. पहिल्या बाजीरावांनी मात्र शत्रूशी येथे झुंज न घेता त्याचाच मुलूख गाठला, त्याला मागे ओढले आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला कोंडले. मार्चमधल्या मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने शाहूंचा हक्क मान्य केला.

१९३३ च्या मोंटेव्हिडिओ करारात राज्याची चार लक्षणे सांगितली आहेत : प्रजा, निश्चित भूभाग, शासन आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. शिवकालीन स्वराज्यात ही चारही होती. इतरांच्या मान्यतेवाचूनही राज्य अस्तित्वात असते, असे तोच करार म्हणतो. आपल्या इतिहासाला ते पटेल. पण शेजारी नाही म्हणत राहिला तर त्याची किंमत कोण मोजतो, हेही तो सांगेल. सुपे, बारामती, इंदापूरच्या रयतेने ती दुहेरी पट्टीत आणि उजाड शिवारांत मोजली. म्हणून १७१९ ची ती यादी वाचताना दिल्ली दरबाराइतकीच ही गावेही डोळ्यांसमोर असावीत.