हरणांचे वयोनिर्धारण
हरणांचे वयोनिर्धारण : हरणाच्या खालच्या जबड्यातील दातांवरून त्याचे वय ठरविण्याची पद्धती. शिंगांच्या फाट्यांवरून वय सांगण्याची शिकाऱ्यांची जुनी रीत भरवशाची नाही. शिंगांची वाढ आहारावर बरीच अवलंबून असते आणि बहुतेक जातींत माद्यांना शिंगे नसतातच.

न्यूयॉर्क राज्यातील सी. डब्ल्यू. सेव्हरिंगहाउस यांनी वय ज्ञात असलेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे जबडे तपासून १९४९ मध्ये दातांच्या वाढीचे व झिजेचे टप्पे प्रसिद्ध केले. या जातीत दुधाच्या तिसऱ्या उपदाढेवर तीन उंचवटे असतात. सुमारे दीड वर्षाच्या वयात ती पडून दोन उंचवट्यांची कायमची उपदाढ येते. तोपर्यंतचे वय जवळजवळ निश्चित सांगता येते. पुढे मात्र एनॅमल झिजून आतील तपकिरी डेंटिन किती रुंद दिसते, यावरच भिस्त ठेवावी लागते. झीज चाऱ्यावर व त्यातील वाळूवर अवलंबून असल्याने हा अंदाजच होय; शिकारीची मर्यादा त्यावरून ठरविल्यास चूक कळपाला भोवते.

कॅनडातील डब्ल्यू. ए. लो व इयन मॅक्टॅगर्ट कोवन यांनी १९६३ मध्ये दाताच्या मुळावरील सिमेंटमच्या वार्षिक वलयांवरून वय मोजण्याची रीत मांडली. ती अधिक अचूक आहे. पण तिला प्रयोगशाळा लागते, जबडा मात्र रानातच पाहता येतो.

पुरातत्त्वविद्येतही या परीक्षेचा उपयोग झाला. इंग्लंडमधील स्टार कार या मध्याश्मयुगीन स्थळी माणसे हिवाळ्यात राहत, असा निष्कर्ष ग्रॅहॅम क्लार्क यांनी शिंगांवरून काढला होता. तेथील हरणांचे दात तपासून लेग व रोली-कॉनवी यांनी १९८८ मध्ये तो काळ मुख्यतः उन्हाळ्याचा ठरविला.