शेतघरातील मुक्काम : ऑलिव्हच्या बागेपासून हळदीच्या शिवारापर्यंत

इटलीतील टस्कनी आणि उंब्रिया या प्रांतांत टेकड्यांच्या उतारांवर ऑलिव्हच्या बागा पसरलेल्या आहेत. या बागांतील जुन्या दगडी शेतघरांत आठवडाभर मुक्काम करण्यासाठी जगभरातून पर्यटक येतात. मात्र ही घरे पर्यटकांसाठी बांधलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील अर्धेलीची शेतीपद्धती मोडली, कुळे शहरांत गेली आणि घरे ओस पडली. शेतकऱ्याला गावात टिकवून धरण्याच्या गरजेतून 'आग्रितुरिस्मो' म्हणजे कृषी पर्यटनाची चळवळ उभी राहिली. १९६५ साली तिची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९८५ साली स्वतंत्र कायदा झाला. शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, पाहुणचार त्याला पूरक असावा, हे या कायद्याचे मूलतत्त्व होय.

ऑलिव्ह आणि आपली हवा

ऑलिव्हला फुलोरा येण्यासाठी हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते. भारतात राजस्थान सरकारने इस्रायलच्या सहकार्याने २००७ पासून या लागवडीचा प्रयोग केला. महाराष्ट्रातील हवामान या पिकाला फारसे अनुकूल नाही. गंमत अशी, की आपल्या अंगणातील जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक ही सारी ऑलिव्हच्याच कुळातील झाडे आहेत. अर्थात शेतघराच्या मुक्कामाला ऑलिव्हच हवे असे नाही. त्या भूमीचे स्वतःचे पीक हवे.

महाराष्ट्रातील वाटचाल

राज्यात २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांच्या पुढाकाराने बारामती परिसरातून या कल्पनेला संघटित रूप मिळाले. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते आणि त्या प्रमाणपत्राच्या आधारे बँकेकडे कर्जासाठी अर्ज करणे सोयीचे होते. पुणे-मुंबईच्या जवळची केंद्रे शनिवार-रविवारच्या गर्दीवर चालतात. मराठवाड्याला ही सोय नाही.

कनेरगाव नाक्याचे शिवार

हिंगोली-वाशीम रस्त्यावर, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर कनेरगाव नाका हे गाव आहे. १९५६ पूर्वी हीच हैदराबाद राज्याची सरहद्द होती. अकोला-पूर्णा लोहमार्गावर गावाचे स्थानक आहे आणि पैनगंगा जवळून वाहते. सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद ही या भागातील मुख्य पिके.

पाहुण्याला दाखवण्याजोगे सर्वाधिक हळदीपाशी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढणीला येते. कंद खणणे, ते शिजवणे, उन्हात वाळवणे आणि पॉलिश करून हिंगोली किंवा वसमतच्या बाजारात नेणे, असा हा क्रम आहे. ऑलिव्हच्या प्रदेशात पर्यटकांची गर्दी उन्हाळ्यात असते, तर फळांची तोडणी शरद ऋतूत. त्यामुळे अनेकांना तोडणी पाहता येत नाही. येथे मात्र प्रवासाला सुखकर असा हिवाळा सरता सरताच काढणी सुरू होते. औंढा नागनाथ, संत नामदेवांचे नरसी आणि वाकाटकांची वत्सगुल्म नगरी असलेले वाशीम यांना जोडून दोन-तीन दिवसांचा मुक्काम सहज आखता येतो.

ध्यानात घेण्याच्या बाबी

पाहुण्याच्या पैशावर सर्वस्वी विसंबणे शेतकऱ्याला परवडणारे नाही, कारण वर्षातील अनेक महिने खोल्या रिकाम्याच राहणार. म्हणून मोठे बांधकाम व त्यासाठी कर्ज काढण्यापेक्षा स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचे शुद्ध पाणी आणि घरातील एक-दोन खोल्या यांपासून आरंभ करणे शहाणपणाचे. घरची हळद आणि डाळी पाहुण्याला थेट विकता आल्या, तर खोलीच्या भाड्याइतकाच तो आधार ठरतो. पाहुणचाराचा भार बहुधा घरातील स्त्रीवर पडतो. तेव्हा मिळकतीतील तिचा वाटा आधीच ठरलेला असावा.

पाहुण्यांनीही आपण हॉटेलात नव्हे, कोणाच्या तरी शेतात राहत आहोत याचे भान ठेवावे. पूर्वसूचना देऊन जावे, पाणी जपून वापरावे, उभ्या पिकात विनापरवाना शिरू नये. जलतरण तलाव आणि हिरवळ आली व नांगर गेला, की शेतघराचे निव्वळ विश्रामगृह होते. ज्या शेतकऱ्यासाठी हा खटाटोप, तोच तेथे अखेर नोकर उरतो.