प्रश्न कोणाचा? आव्हानाधारित विद्यापीठीय शिक्षणाची वाटचाल

वेगवेगळ्या विद्याशाखांतील विद्यार्थ्यांचा एक गट करावा, ज्याचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही असा विद्यापीठाबाहेरचा प्रश्न त्याच्या हाती द्यावा आणि सत्राच्या अखेरीस व्याख्यानांच्या टिपणांऐवजी प्रत्यक्ष वापरून पाहता येईल अशी वस्तू, सेवा किंवा योजना त्याच्याकडून मागावी, या रीतीला गेल्या दोन दशकांत आव्हानाधारित अध्ययन असे नाव मिळाले आहे. नवोपक्रम आणि उद्योजकता या विषयांच्या अध्यापनात ती इतकी रुळली आहे की अनेक संस्था तिचा उल्लेख एकविसाव्या शतकाची देणगी म्हणून करतात. तो दावा फारसा टिकत नाही, कारण या रीतीचे बहुतेक घटक जुने आहेत. बदलत गेली ती एकच गोष्ट, ती म्हणजे विद्यार्थ्यापुढे येणारा प्रश्न ठरवण्याचा अधिकार, आणि हा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला हे पाहिले तरच या रीतीचा इतिहास नीट उलगडतो.

पॅरिसमध्ये 1671 साली स्थापन झालेल्या शाही वास्तुविद्या अकादमीत आणि पुढे तिच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या कलाशाळेत विद्यार्थी स्पर्धेसाठी इमारतींचे आराखडे करीत. प्रश्न परीक्षक ठरवीत, स्पर्धक एकटा असे आणि आराखडा कागदावरच राही, त्यामुळे या प्रथेला फार तर दूरची पूर्वज म्हणता येईल. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये प्रकल्पपद्धतीवर लिहिलेल्या निबंधात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हेतूला केंद्रस्थान दिले खरे, परंतु त्यांचे लक्ष शाळेवर होते, आणि विद्यापीठे त्यानंतरही कित्येक दशके व्याख्यान, प्रयोगशाळा व लेखी परीक्षा या तिहेरी चाकोरीतच राहिली.

ही चाकोरी प्रथम ठळकपणे मोडली ती वैद्यकीय शिक्षणात. कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत 1969 साली आलेल्या पहिल्या तुकडीला शरीररचना, शरीरक्रिया असे विषय सुटे सुटे न शिकवता छोट्या गटांपुढे रुग्णाची समस्या ठेवली गेली आणि तिच्या अनुषंगाने लागेल ते ज्ञान गटाने शोधावे अशी व्यवस्था झाली. यालाच समस्याधारित अध्ययन म्हणतात. मात्र या समस्या शिक्षकांनी पूर्वतयारीने रचलेल्या असत आणि त्यांचे निदान त्यांना माहीत असे, म्हणजे प्रश्नाची मालकी अद्याप शिक्षकाकडेच होती.

ती मालकी विद्यार्थ्यांकडे नेण्याचा निकराचा प्रयत्न डेन्मार्कमध्ये झाला. 1968 च्या विद्यार्थी आंदोलनाने तेथील जुन्या विद्यापीठांतील प्राध्यापकशाहीला हादरा दिला होता, आणि त्या वातावरणात 1972 मध्ये रॉस्किल्ड व 1974 मध्ये आल्बोर्ग येथे दोन नवी विद्यापीठ केंद्रे सुरू झाली. त्यांच्यामागील विचार असा होता की समाजातील समस्या विषयांच्या सीमा पाळत नाहीत, म्हणून अभ्यासाची सुरुवात विषयापासून नव्हे तर समस्येपासून व्हावी, समस्या विद्यार्थ्यांच्या गटाने निवडावी आणि शिक्षकाने मार्गदर्शकाच्या भूमिकेत राहावे. रॉस्किल्डमध्ये या विचाराला उघड राजकीय धार होती, आणि तेथील डाव्या विचारांचे विद्यार्थी व अध्यापक इतके चर्चेत आले की संस्था बंद करण्याची मागणी संसदेपर्यंत पोहोचली. आल्बोर्गचे वळण वेगळे होते. उत्तर युटलंडमधील हे शहर सिमेंट, जहाजबांधणी आणि बंदरासाठी ओळखले जाई, आपल्या भागात विद्यापीठ व्हावे ही तेथील जुनी मागणी होती, आणि नव्या केंद्रात आधीपासून चालू असलेले अभियांत्रिकी शिक्षणही सामावले गेले होते. त्यामुळे रॉस्किल्डची समाजचिकित्सा येथे अभियंत्यांच्या व्यवहारी वृत्तीशी जोडली गेली.

या जोडणीतून जी घडी बसली ती पुढे आल्बोर्ग प्रतिमान म्हणून जगभर अभ्यासली गेली. प्रत्येक सत्रातील सुमारे निम्मा वेळ प्रकल्पाला आणि उरलेला अभ्यासक्रमांना, गटाला बसायला स्वतःची खोली, सोबत एक मार्गदर्शक, अखेरीस सर्वांनी मिळून लिहिलेला अहवाल आणि त्यावर सर्वांची एकत्र तोंडी परीक्षा, असे तिचे स्वरूप होते. गुण मात्र प्रत्येकाला स्वतंत्र मिळत. वरवर किरकोळ वाटणारी ही एकत्र परीक्षा पुढे वादाचा विषय झाली, कारण गटाच्या आडोशाला कच्चा विद्यार्थी तरून जातो हा आक्षेप कधीच पुरता शमला नव्हता. डॅनिश सरकारने 2006 मध्ये सामूहिक परीक्षा रद्द केल्या, तेव्हा सत्रभर एकत्र काम केलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात एकेकट्याने जावे लागू लागले. पुढच्या दशकाच्या आरंभी, सरकार बदलल्यावर, ही मुभा परत मिळाली. परीक्षेचे रूप बदलले की शिक्षणाचे रूप आपोआप बदलते हे महाराष्ट्रातील कोणत्याही प्राध्यापकाला सांगावे लागणार नाही, आणि म्हणूनच या रीतीच्या इतिहासात अध्यापनशास्त्राच्या घोषणांपेक्षा परीक्षेचे नियम अधिक बोलके आहेत.

उद्योजकता हा शब्द आल्बोर्गच्या आरंभीच्या विचारात केंद्रस्थानी नव्हता. तरीही त्या परिसरात सागरी रेडिओसंच बनवणाऱ्या एका कंपनीतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी नव्या कंपन्या काढल्या, त्यांतून मोबाइल दूरध्वनीचा व्यवसाय वाढला आणि 1990 च्या दशकात बिनतारी दळणवळण उद्योगांचा एक दाट समूह तेथे उभा राहिला. या समूहाचा उगम विद्यापीठात नव्हता. पण गटाने काम करण्याची सवय असलेले अभियंते पुरवण्यात विद्यापीठाचा वाटा मोठा होता. समाजचिकित्सेसाठी घडवलेली पद्धत बाजारपेठेला इतकी मानवली, हे तिच्या जनकांना कितपत रुचले असते, हा वेगळाच प्रश्न आहे.

अमेरिकेतील प्रवाह प्रथमपासून उद्योगाला लागून वाहत होता. जॉन अर्नोल्ड यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी एमआयटीमध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एका काल्पनिक ग्रहावरील पक्ष्यांसारख्या प्राण्यांसाठी वाहने व उपकरणे रचायला लावली, ज्याचा हेतू इतकाच होता की वापरणाऱ्याची शरीररचना व सवयी आपल्याहून वेगळ्या आहेत असे गृहीत धरल्याखेरीज विद्यार्थ्याची ठोकळेबाज विचारपद्धती सुटत नाही. हेच अर्नोल्ड पुढे स्टॅनफर्डला गेले. तेथे 1967 पासून चालत आलेल्या एका अभियांत्रिकी रचना अभ्यासक्रमात काल्पनिक ग्रहाची जागा खऱ्या कंपन्यांनी घेतली: कंपनी प्रश्न व निधी देते, विद्यार्थी वर्षभर राबतात आणि अखेरीस चालता नमुना, म्हणजे कल्पना पारखण्यासाठी केलेली पहिली कच्ची वस्तू, तिच्यापुढे ठेवतात. प्रश्न आता गिऱ्हाइकाचा झाला. त्याबरोबर गोपनीयतेचे करार आणि निर्मितीवरील हक्कांचे वादही वर्गात आले, जे मॅकमास्टर किंवा रॉस्किल्डला कधी सतावत नव्हते.

हे दोन्ही प्रवाह जेथे एकमेकांत मिसळले असे सर्वांत लक्षणीय ठिकाण म्हणजे हेलसिंकीलगतचे ओतानिएमी. फिनलंडमध्ये अभियांत्रिकी, वाणिज्य आणि कला-रचना यांच्या तीन स्वतंत्र संस्था होत्या व प्रत्येकीला आपल्या परंपरेचा अभिमान होता. 1995 मध्ये या तिघींनी मिळून रचना व व्यवसाय-व्यवस्थापनाचा एक संयुक्त अभ्यासक्रम काढला, ज्यात तिन्हीकडचे विद्यार्थी एका गटात बसून कंपनीने दिलेल्या प्रश्नावर काम करीत, आणि दोन वर्षांनी तंत्रविद्यापीठातही उत्पादनविकासाचा कंपनीपुरस्कृत प्रकल्प-अभ्यासक्रम सुरू झाला. कलाविद्यापीठाचे कुलगुरू इर्यो सोतामा यांनी 2005 मध्ये तिन्ही संस्था एक करण्याची कल्पना मांडली, तेव्हा हा अनुभव पाठीशी होता. विलीनीकरण 2010 मध्ये झाले आणि वास्तुरचनाकार अल्वार आल्टो यांचे नाव नव्या विद्यापीठाला मिळाले. परंतु त्याआधीच, 2008 मध्ये, डिझाइन फॅक्टरी नावाची जागा उघडली होती, जेथे यंत्रशाळा, शिवणयंत्रे, चर्चेच्या खोल्या आणि स्वयंपाकघर एकाच छपराखाली होते, आणि तिन्ही संस्थांच्या विद्यार्थ्यांना एकमेकांची कामाची भाषा तेथे प्रत्यक्ष काम करतानाच शिकावी लागे.

विलीनीकरणाचा कायदा आणि डिझाइन फॅक्टरी यांना या घटनाक्रमाचे सगळे श्रेय देण्याचा मोह आवरायला हवा. 2009 मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतःची उद्योजकता संघटना स्थापन केली, तिच्या भोवती नवउद्योगांना मार्गदर्शन करणारे केंद्र उभे राहिले, 2010 मध्ये तिने अपयशाचा राष्ट्रीय दिवस पाळण्याची प्रथा पाडली, आणि स्लश हा नवउद्योगांचा मेळावा पुढे विद्यार्थ्यांच्याच हाती आला. नोकियाचा व्याप आक्रसू लागल्याने कुशल अभियंते मोकळे होत होते, मोठ्या कंपनीतील जन्मभराच्या नोकरीचा भरवसा सुटत चालला होता, आणि अशा काळात विद्यार्थी कंपन्यांचे प्रश्न सोडवण्यावर थांबले नाहीत. स्वतः प्रश्न निवडून त्याभोवती कंपनी काढू लागले. रॉस्किल्डच्या विद्यार्थ्यांनी मागितलेला अधिकार येथे निराळ्याच दाराने, भांडवलाच्या सोबतीने, परत आला.

आव्हानाधारित हे नामाभिधान मात्र या दोन्ही परंपरांतून आलेले नाही. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन ब्रॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाअखेर जैववैद्यकीय अभियांत्रिकीसाठी आव्हानापासून सुरू होणारे अध्ययनचक्र विकसित केले होते, तर अॅपल कंपनीने 2008 मध्ये मुख्यतः शाळांसाठी एक चौकट मांडली, ज्यात व्यापक कल्पनेतून नेमके आव्हान ठरवणे, शोध घेणे आणि कृती करणे असे टप्पे होते. विद्यापीठांनी ही चौकट उचलली आणि तिच्यात आल्बोर्ग व स्टॅनफर्डचे जुने साहित्य भरले. जिनिव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेने 2014 मध्ये उघडलेल्या आयडियास्क्वेअर या केंद्रात मूलभूत भौतिकीसाठी तयार झालेले शोधयंत्रांचे तंत्रज्ञान विद्यार्थ्यांच्या संमिश्र गटांपुढे ठेवले जाते व समाजोपयोगी वापर सुचवायला सांगितले जाते. मेक्सिकोतील मोंतेर्रेईच्या तंत्रसंस्थेने तर 2019 पासून संपूर्ण पदवी अभ्यासक्रमच आव्हानांभोवती बांधला. त्याच वर्षी आल्बोर्ग, ट्वेन्टे, लिंकपिंग आदी विद्यापीठांच्या संघाला युरोपीय महासंघाच्या योजनेत स्थान मिळाले, आणि तेथे शहरे, प्रादेशिक संस्था व कंपन्या आव्हाने देतात, तर अनेक देशांतील विद्यार्थी त्यांवर एकत्र काम करतात.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे नवउद्योगात नव्हे तर ग्रामीण तंत्रज्ञानात सापडतात. हिंदुस्थान लीव्हरमधील संशोधनाचे काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभारला, जेथे शाळा सोडलेली मुले गावाला लागणारी कामे प्रत्यक्ष करत शिकत. तो विद्यापीठाचा भाग नव्हता, पण एमआयटीच्या सहकार्याने 2002 मध्ये तेथे आलेली फॅब लॅब, म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रांची छोटी कार्यशाळा, ही एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी होती. आयआयटी मुंबईत 1985 मध्ये ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान-पर्याय शोधणारे केंद्र सुरू झाले, ज्याला सितारा म्हणून ओळखतात. त्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विविध शाखांतील अभियंते काही आठवडे गावात राहून पाणी, ऊर्जा, शेती यांविषयीची पाहणी करतात. येथे आव्हान देणारा कंपनीचा प्रतिनिधी नसतो. नळपाणी योजना कागदावर पूर्ण होऊनही उन्हाळ्यात टँकर का लागतो हा प्रश्न ग्रामपंचायतीचा असतो, आणि त्याचे उत्तर पंपाच्या क्षमतेत आहे, गावाखालच्या खडकात आहे की वीजबिलाच्या थकबाकीत आहे हे ठरवायला एकट्या विद्याशाखेचे ज्ञान पुरत नाही. 2016 मध्ये राज्य शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू करून जिल्ह्यांच्या गरजांचा अभ्यास स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे सोपवण्याची वाट करून दिली, आणि त्याबरोबर अशा कामाला विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत किती श्रेयांक द्यायचे व ते गटाला द्यायचे की व्यक्तीला, हा आल्बोर्गला छळणारा प्रश्न येथील अभ्यासमंडळांपुढेही येऊन ठेपला.