सॅम्पल चेन म्हणजे काय? ६४ आवाज एकाच फाइलमध्ये कसे बसवतात?

रील्स बघताना एखादा कलाकार छोट्याशा डब्यावरची बटणं दाबत दणदणीत बीट तयार करताना हमखास दिसतो. समोर ना लॅपटॉप असतो ना वादक. त्या डब्याला हार्डवेअर सॅम्पलर म्हणतात. आधी रेकॉर्ड केलेले छोटे आवाज, म्हणजेच सॅम्पल, त्यात भरायचे आणि हवे तेव्हा, हव्या त्या क्रमाने वाजवायचे, हे त्याचं काम.

पण आवाज शेकडो आणि यंत्रात जागा मोजक्या, असं झालं की काय करायचं? त्यावरची युक्ती म्हणजे सॅम्पल चेन. अनेक आवाज एकापाठोपाठ एक जोडून एकच लांब ऑडिओ फाइल बनवायची आणि यंत्राला त्यातला हवा तेवढाच तुकडा वाजवायला सांगायचं.

अडचण नेमकी कशाची?

पूर्वी अडचण मेमरीची होती. १९८७ साली आलेल्या ई-म्यू एसपी-१२०० या गाजलेल्या यंत्रात सगळे आवाज मिळून जेमतेम १० सेकंद बसत. म्हणून हिप-हॉप निर्माते ३३ आरपीएमची रेकॉर्ड ४५ वर फिरवून आवाज भरत आणि यंत्रात तो पुन्हा संथ करत. तेवढ्याच जागेत जास्त आवाज मावायचा!

आता मेमरी वाढली, पण स्लॉटची मर्यादा राहिली. स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीच्या ऑक्टाट्रॅकचं उदाहरण घ्या. त्यात एका प्रोजेक्टमध्ये दोन प्रकारचे प्रत्येकी १२८ स्लॉट असतात. एका स्लॉटमध्ये एक फाइल. मग ती फाइल पाव सेकंदाच्या हाय-हॅटची असो की पाच मिनिटांच्या गाण्याची, स्लॉट एकच खर्च होतो. चेनचा सगळा फायदा इथेच आहे. हे यंत्र एका फाइलचे ६४ पर्यंत तुकडे करू शकतं. या तुकड्यांना स्लाइस म्हणतात. म्हणजे ६४ आवाजांना ६४ स्लॉट लागायचे, तिथे एकावर भागतं.

वाजवताना काय होतं?

सिक्वेन्सरच्या प्रत्येक स्टेपला वेगळा स्लाइस नंबर देता येतो. पहिल्या स्टेपला १ नंबरचा किक, पाचव्या स्टेपला १७ नंबरचा स्नेअर, असं एकाच ट्रॅकवर अख्खं ड्रम किट वाजतं. क्रम तोच ठेवून दुसरी चेन लावली, की पॅटर्न तसाच राहतो आणि किट बदलतं. चालू कार्यक्रमात फाइलींच्या यादीत शोधाशोध करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

तुकडे पाडण्याच्या दोन पद्धती

पहिली पद्धत समान भागांची. ६४ आवाज प्रत्येकी अर्ध्या सेकंदाचे केले, की ३२ सेकंदांची फाइल होते. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ स्टिरिओमध्ये ती साधारण ५.६ एमबी भरते. पण त्यात ४ सेकंदांची एकच झांज घुसवली, तर सगळ्यांनाच ४ सेकंदांची जागा द्यावी लागते. फाइल २५६ सेकंदांची आणि सुमारे ४५ एमबीची होते, त्यातली बहुतेक निव्वळ शांतता! म्हणून लांब आवाजांची चेन वेगळी ठेवतात.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याची नोंद ठेवली जाते. ऑक्टाचेनर हे मोफत सॉफ्टवेअर ऑक्टाट्रॅकसाठी वेव्ह फाइलसोबत अशी नोंद असलेली वेगळी फाइल बनवतं. टीनेज इंजिनिअरिंगच्या ओपी-१ मध्ये ड्रम किट म्हणजे १२ सेकंदांपर्यंतची एक फाइल असते. तिचे तुकडे २४ कळांवर बसतात आणि त्यांच्या सीमा त्या फाइलमध्येच लिहिलेल्या असतात.

इलेक्ट्रॉनच्याच अॅनालॉग रिटममध्ये आवाज कुठून सुरू व्हावा, हे ० ते १२० या आकड्यांनी ठरतं. त्यामुळे तिथे १२० ला पूर्ण भाग जाईल एवढेच आवाज घेतात. २४ आवाज असतील तर दर ५ आकड्यांवर पुढचा आवाज, ४० असतील तर दर ३ वर. ६४ आवाजांची चेन मात्र इथे नेमकी जुळत नाही. म्हणून चेन बनवण्याआधी ती कोणत्या यंत्रासाठी आहे, हे ठरवावं लागतं.

चेन बनवताना काय सांभाळावं?

* सॅम्पल रेट एकच हवा. ४८ किलोहर्ट्झचा आवाज न बदलता ४४.१ च्या फाइलमध्ये जोडला, तर तो संथ होतो आणि सुमारे दीड सेमिटोन खाली उतरतो.
* वेव्ह किंवा एआयएफएफ वापरा, एमपी३ नको. एमपी३ बनताना सुरुवातीला किंचित शांतता जोडली जाते आणि सगळ्या सीमा सरकतात.
* सुरुवात घट्ट, शेवट मऊ. थापेआधी शांतता राहिली तर ताल मागे पडतो. शेवटी काही मिलिसेकंदांचा फेड-आउट दिला, की 'टिक' असा खटका येत नाही.
* मूळ आवाज जपून ठेवा. चेन नव्याने बांधायची वेळ आली, तर तेच कामी येतात.

मर्यादाही आहेत

ऑक्टाट्रॅकचा एक ट्रॅक एका वेळी एकच स्लाइस वाजवतो. त्यामुळे लांब घुमणाऱ्या किकवर हाय-हॅट आला, की किक मध्येच तुटतो. हे टाळायला दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर ठेवावे लागतात.

सगळ्यात मोठा धोका क्रमाचा. यंत्राला १७ नंबरवर स्नेअर आहे हे कळत नाही, त्याला फक्त १७ हा आकडा कळतो. चेनच्या मध्ये एक नवा आवाज घातला, तर पुढचे सगळे आवाज एक घर सरकतात आणि जुन्या गाण्यांत स्नेअरच्या जागी भलतंच काही वाजू लागतं. म्हणून अनुभवी मंडळी सुरुवातीलाच क्रम ठरवतात: १ ते १६ किक, १७ ते ३२ स्नेअर, ३३ ते ४८ हाय-हॅट, उरलेल्या जागी इतर आवाज. एखादी जागा रिकामी राहिली तर तिथे शांतता भरतात, पण ठरलेला नंबर हलवत नाहीत.