संयुक्त सूक्ष्मदर्शक : रचना आणि कार्य

हैदराबादच्या कोठी भागातील उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभ १८४६ मध्ये झाला. तेथून काही किलोमीटरवर, सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी रोनाल्ड रॉस यांना हिवतापाच्या रुग्णाला चावलेल्या डासाच्या जठरात परजीवीच्या पेशी आढळल्या. त्यांच्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते आणि उरलेली एकमेव नेत्रिका तडकली होती.

भिंगे : नळीच्या खालच्या टोकाला पदार्थीय भिंग, वरच्या टोकाला नेत्रिका असते. पदार्थीय भिंग वस्तूची मोठी, उलटी व वास्तव प्रतिमा नळीत तयार करते. नेत्रिका तिला आणखी मोठी करून डोळ्यासमोर आणते. दोन्हींच्या वर्धनांचा गुणाकार म्हणजे एकूण वर्धन. १० पट नेत्रिका व १०० पट पदार्थीय भिंग असल्यास ते १००० पट होते. सुमारे ७ मायक्रोमीटर व्यासाची तांबडी रक्तपेशी तेव्हा ७ मिलिमीटरची भासते. मात्र बारकावे टिपण्याचे काम पदार्थीय भिंगाचेच. त्याने न टिपलेला तपशील नेत्रिका निर्माण करू शकत नाही.

प्रकाशयोजना : तळाचा आरसा किंवा दिवा प्रकाश वर पाठवतो. संग्राहक भिंग तो नमुन्यावर एकवटते आणि रंध्रपटल त्याचे प्रमाण ठरवते. प्रकाश अतिरिक्त झाल्यास पारदर्शक पेशींच्या कडा पुसट होतात.

मंच व स्क्रू : नमुन्याची काचपट्टी मंचावर चापांनी धरली जाते. मोठा स्क्रू भिंग व नमुना यांतील अंतर जलद बदलतो, तर लहान स्क्रू प्रतिमा स्पष्ट करतो. अधिक वर्धनाच्या भिंगाखाली मोठा स्क्रू फिरवल्यास काचपट्टी फुटण्याचा व भिंगाला चरे पडण्याचा धोका असतो.

तेलाचा थेंब : १०० पट भिंग व काचपट्टी यांच्यामध्ये विशिष्ट तेलाचा थेंब सोडतात. हवेतून जाताना तिरपे किरण बाहेर वळून निसटतात. तेलाचा अपवर्तनांक काचेइतकाच, सुमारे १.५, असल्याने ते भिंगात पोहोचतात. तरीही दृश्य प्रकाशात सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. काम संपल्यावर तेल भिंगकागदाने टिपणे आवश्यक असते, अन्यथा ते भिंगावर सुकते.

हिवतापाच्या निदानासाठी रक्ताचा थर आजही याच तेलभिंगाखाली तपासला जातो. भिंग अस्वच्छ किंवा प्रकाश चुकीचा असल्यास काचपट्टीवरचा परजीवी नजरेतून सुटतो आणि रुग्णाचे उपचार लांबतात.