वतन

अरबीत ‘वतन’ म्हणजे मनुष्याचे राहते ठिकाण. फारशीच्या वाटेने तो शब्द उर्दूत स्वदेश झाला, महाराष्ट्रात मात्र, राष्ट्राची कल्पना दूरच राहून, पाटीलकी-कुळकर्णाचा वंशपरंपरागत हक्क म्हणून सनदांत आणि महजरांत जाऊन बसला. ज्या वतनापायी भाऊबंद पिढ्यानपिढ्या कज्जे लढले, त्याच नावाखाली महाराच्या पदरी जमिनीचा तुकडा आणि अहोरात्रीची वेठ पडली, डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले, पण ती वतने कायद्याने खालसा व्हायला १९५८ उजाडले. उर्दू शायर वतनासाठी मरायला निघे. आमचा वतनदार, खरे सांगायचे तर, बांधावरच्या चुलत्यावर फिर्याद गुदरीत असे.