एकोणीस आणि सोळा : जावाच्या चाकांचा धडा

जुन्या मोटरसायकलींचा विषय निघाला की आपण थेट इंजिनापाशी जातो. आज इंजिन बाजूला ठेवूया आणि एवढंच बघूया : चाक बदललं की गाडीचा स्वभाव का बदलतो?

चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीची १९४६ सालची २५० सीसी ‘पेराक’ १९ इंची चाकांवर चालायची. खडबडीत रस्त्याला मोठं चाक मानवतं. खड्ड्यात ते कमी उतरतं, दगडावर सहज चढतं. शिवाय त्याची जड रिम आसापासून लांब फिरते, म्हणून सरळ धावताना गाडी ठाम वाटते. मात्र वळणात झुकवायला जोर लागतो.

१९५४ च्या सुमारास जावाने ३५३ हे मॉडेल आणलं. चाकं एकदम १६ इंची! पण नुसती चाकं बदलली नाहीत, हे लक्षात घ्या. मागे स्विंग आर्म आला आणि फ्रेमही नव्याने आखली गेली. हीच गाडी साठच्या दशकात मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागली. तेव्हा १९ इंची चाकांची बुलेटही आपल्या रस्त्यांवर होतीच. ज्यांनी दोन्ही चालवल्या त्यांना फरक विचारा, हाताने हवेत वळण काढून दाखवतील.

मग चाक आणि फ्रेम एकत्रच का आखावी लागते? दवाखान्यातल्या ट्रॉलीचं चाक आठवा. ते आपल्या खिळीच्या मागे राहतं, म्हणून ढकलाल तिकडे आपोआप सरळ होतं. मोटरसायकलीतही हँडल ज्या तिरक्या दांड्यावर फिरतं, त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या पुढे पडते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ते साधारण चार-पाच बोटांएवढं असतं, पण गाडीचा सरळपणा बऱ्याच अंशी त्यावर टिकून असतो.

आता हिशेब करूया. दांड्याचा कल उभ्या रेषेपासून २७ अंश धरा. टायरची जाडी तीच ठेवून पुढे १९ च्या जागी १६ इंची चाक बसवलं, तर आस ३८ मिलिमीटरने खाली येतो. तेवढ्यानेच ट्रेल सुमारे १९ मिलिमीटरने घटतो. त्यात गाडीचं नाक खाली गेल्याने दांडा आणखी उभा होतो, म्हणजे ट्रेल अजून कमी. घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला, फोर्क दबला, की उरलेल्यातलंही काही जातं. गल्लीत हलकं, मजेशीर वाटणारं हँडल वेगात हातात थरथरू लागतं, ते यामुळे.

आमच्याकडे जुन्या गाड्या सजवणारी तरुण मंडळी येतात. चाक लहान केलं की गाडी रुबाबदार दिसते, हे आम्हालाही मान्य आहे. आमचं म्हणणं इतकंच की जावाने तीन इंच कमी करताना अख्खी गाडी नव्याने मांडली होती. आपण तेच काम एका दुपारी, दोन पान्यांनी उरकायला बघतो. म्हणून चाकाला हात लावण्याआधी दोरा आणि ओळंबा घ्या, ट्रेल मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. बदल केल्यावर पुन्हा मोजा. आकडा घटला असेल, तर ती गाडी घेऊन घाटात जाऊ नका.